चार नंबरच्या वॉर्डाची गोष्ट कोणाची?

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणी दिलेला निकाल दयामरणाविषयीचा निकाल म्हणून प्रसिद्ध आहे. कायद्याच्या दृष्टीने तो तसा आहेच. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अर्ज केला होता पिंकी विराणी यांनी, म्हणजे अरुणावर पुस्तक लिहिणाऱ्या लेखिकेने. अरुणाची निकटची मैत्रीण म्हणून तिच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना हवा होता. दुसऱ्या बाजूला होते मुंबईचे केईएम रुग्णालय आणि तिथले कर्मचारी, त्यातही परिचारिका. म्हणजे त्याच पुस्तकातली पात्रे. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने लेखिकेच्या तळमळीची आदराने दखल घेतली, पण निकटचे ठरवले ते रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना. नायिकेवर हक्क कोणाचा, लिहिणाऱ्याचा की तिच्याभोवतीच्या पात्रांचा, हा प्रश्न आपण एरवी परिसंवादात चघळतो. इथे तो न्यायालयात गेला आणि लेखिका हरली.

रुग्णालय ही काम करण्याची जागा म्हणून आपल्या कथात्म लेखनात कशी येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय. त्यासाठी कोणतेही पुस्तक घेता आले असते. मी हे घेतो, कारण इथे एका नोकरीच्या जागेवरचा तंटा, त्यातून घडलेला भयंकर गुन्हा आणि त्यानंतर चार दशके त्याच जागेवर टिकून राहिलेल्या माणसांचे काम असा सगळा ऐवज एका इमारतीत सापडतो. कादंबरीकाराने याहून अधिक काय मागावे? आणि तरीही या ऐवजाचे जे झाले ते पुरेसे झाले का, अशी शंका मनातून जात नाही.

आधी घटनाक्रम. अरुणा रामचंद्र शानबाग ही उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. परळच्या केईएममध्ये ती परिचारिका होती. कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग चालत त्या प्रयोगशाळेत तिची नेमणूक होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी पाळी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली असता तिथल्याच सफाई कामगाराने, सोहनलाल वाल्मीकीने, कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळली आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला एका सफाईवाल्याला ती जमिनीवर पडलेली दिसली. मेंदूला रक्तपुरवठा न झाल्याने ती पुन्हा भानावर आली नाही. त्यावेळी ती पंचवीस वर्षांची होती. १८ मे २०१५ रोजी, सहासष्ट वर्षांची होण्याला दोन आठवडे उलटून... नाही, सदुसष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना ती गेली. तिचा वाढदिवस १ जूनचा. तो परिचारिकांना पाठ होता, दर वर्षी वॉर्डात साजरा होई. मलाच हिशेब करावा लागतो.

या घटनेवर पहिली कादंबरी मराठीत आली नाही, गुजरातीत आली. 'चित्रलेखा' साप्ताहिकाचे संपादक आणि लोकप्रिय कादंबरीकार हरकिसन मेहता यांची 'जड-चेतन' १९८५ ची. मराठीत दत्तकुमार देसाई यांनी १९९४-९५ च्या सुमारास 'कथा अरुणाची' हे नाटक लिहिले. ते आधी महाविद्यालयीन पातळीवर झाले आणि २००२ मध्ये विनय आपट्यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. या दोहोंच्या मध्ये, १९९८ साली, विराणींचे इंग्रजी पुस्तक निघाले. मराठीत ते 'अरुणाची गोष्ट' म्हणून वाचले गेले. उपशीर्षकात लेखिकेने ही खरी हकीकत असल्याचे बजावले आहे. पण प्रसंग उभे करणे, संवाद रचणे, पात्राच्या मनात शिरणे ही जी साधने ती वापरते ती कादंबरीचीच. म्हणून तिला कादंबरीच्या कसोट्या लावण्यात अन्याय नाही. उलट, वार्तांकन म्हणून सोडून दिले तर तिच्या खऱ्या गुणांकडे आणि उणिवांकडे दुर्लक्ष होते.

गुण आधी सांगतो. या पुस्तकातली सर्वांत जमलेली गोष्ट म्हणजे संस्थेचे मौन. तक्रारीत बलात्काराचा उल्लेख आला नाही. खुनाचा प्रयत्न आणि लूट या आरोपांवर खटला उभा राहिला, सात वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून आरोपी बाहेर पडला. मुलीचे लग्न ठरलेले, नवरामुलगा डॉक्टर, संस्थेचे नाव मोठे, अशी सगळी 'समजूतदार' कारणे या मौनामागे होती, असे विराणी दाखवतात. कोणी एक खलनायक खोटे बोलत नाही; चार जबाबदार माणसे अब्रूचा विचार करून एक ओळ लिहायची टाळतात. मोठ्या संस्थांमध्ये अन्याय बहुधा असाच होतो, आणि तो असा दाखवायला पत्रकाराची चिकाटी लागते. या भागात लेखिका चढ्या आवाजात बोलत नाही, म्हणून तो भाग अधिक बोचतो.

आता तळघर. पुस्तक वाचून खाली ठेवल्यावर मला साखळीपेक्षा तळघर जास्त छळते. पाळी संपलेल्या परिचारिकेला गणवेश उतरवून साडी नेसायला तळघरात का जावे लागते? याचे उत्तर साधे आहे: तिच्यासाठी दुसरी जागा नव्हती. १९२६ साली सुरू झालेल्या, आशियाभर नाव असलेल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी खोली होती, प्रयोगाच्या कुत्र्यांसाठी खोली होती. तिथे काम करणाऱ्या बाईला कपडे बदलायला नव्हती. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत अरुणाची नीट काळजी घेण्याबरोबर स्वतःसाठी सुरक्षित कामाची जागाही होती. म्हणजे घटनेचा अर्थ पहिल्यांदा कोणी लावला असेल तर तो संपावर गेलेल्या या बायकांनी. लेखक, पत्रकार, न्यायाधीश फार नंतर आले. त्यांनी लावलेला अर्थ 'एका मुलीचे दुर्दैव' असा नव्हता, 'आमच्या नोकरीची अवस्था' असा होता. साहित्याने मात्र पहिला अर्थ उचलला आणि दुसरा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सोडून दिला.

हे असे का झाले? एक कारण मला काळाशी जोडलेले वाटते. १९७३ चे परळ म्हणजे गिरणगावाचे परळ. बहात्तरचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, पुढच्या वर्षी रेल्वेचा देशव्यापी संप व्हायचा होता. भाऊ पाध्ये, नारायण सुर्वे, बाबुराव बागूल यांनी या कामगारवस्तीला साहित्यात जागा मिळवून दिलेली होती. भोंगा, खाते, पाळी, युनियन, चाळ, सगळे लिहिले गेले. पण त्याच रस्त्यावरचे रुग्णालय, जिथेही पाळ्या होत्या, खाती होती, युनियन होती, ते कथेत आले ते बहुतेक वेळा पात्राला मरायला जागा हवी म्हणून. गिरणीत यंत्रावरचा माणूस कामगार. रुग्णालयात सलाईन लावणारी बाई 'सेवा' करणारी. 'सेवा' हा शब्द एकदा चिकटला की पगार, रजा, कपडे बदलायची खोली या गोष्टी बोलणे जरा ओशाळवाणे होऊन बसते.

दुसरे कारण म्हणजे रुग्णालयाची गोष्ट सांगण्याचा मक्ता. आपल्याकडे ती डॉक्टरांनी सांगितली, आणि चांगली सांगितली. केईएमच्याच डॉ. रवी बापट यांचे 'वॉर्ड नं. पाच, केईएम' हे आठवणींचे पुस्तक वाचकांनी आवडीने वाचले. शीर्षकातल्या त्या आकड्याशी माझे मन उगाच खेळत राहते: अरुणा होती ती चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत. एक आकडा शेजारी, आणि दुसरीच दुनिया. व्यवसायातल्या गैरप्रकारांवर बोट ठेवणारे लेखनही झाले. अजित दळवी यांचे 'डॉक्टर, तुम्हीसुद्धा!' हे नाटक कोण विसरेल? पण या सगळ्यात तंटा असतो तो डॉक्टर आणि रोगी यांच्यात, किंवा डॉक्टर आणि त्याच्या सदसद्विवेकात. तारुण्यातला आदर्शवादी डॉक्टर आणि पैशाने सैलावलेला डॉक्टर ही जोडी तर आपल्या रंगभूमीची जुनी ओळखीची. परिचारिका, वॉर्डबॉय, आया, सफाईवाले, स्वयंपाकघरातली माणसे, भांडारपाल हे रंगमंचावर येतात, निरोप देतात आणि जातात.

शेजारच्या बंगालीत ताराशंकर बंद्योपाध्यायांची 'आरोग्यनिकेतन' आहे. १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. नाडी पाहून मृत्यूची वेळ सांगणारा म्हातारा जीवनमशाय आणि नव्या विद्येचा तरुण डॉक्टर प्रद्योत यांचा तो झगडा. फार मोठी कादंबरी आहे. पण तिथेही झगडा दोन ज्ञानांचा आहे, एका इमारतीतल्या माणसांचा नाही.

इमारतीतल्या माणसांचा झगडा पाहायचा तर थोडा खालच्या दर्जाच्या, म्हणजे समीक्षक ज्याला तसा समजतात अशा, लेखकाकडे जावे लागते. आर्थर हेलीची 'द फायनल डायग्नॉसिस' १९५९ ची. रेल्वे स्टेशनवरच्या दुकानात मिळणारी. वाक्ये सपाट, प्रेमप्रकरणे ठरावीक. तरी त्यातली एक गोष्ट मी मराठी कादंबरीकारांना हातात धरून दाखवीन. अमेरिकेतल्या एका मध्यम रुग्णालयात पॅथॉलॉजीचा म्हातारा प्रमुख डॉ. पिअर्सन आणि नव्याने आलेला डॉ. कोलमन यांचे पटत नाही. तंटा कशावरून? गरोदर बाईच्या रक्ताची आरएचसाठी तिसरी एक चाचणी करायची की नाही, आणि तिला लागणारा सीरम मागवायचा की नाही, यावरून. मागणीपत्रावर म्हाताऱ्याची सही होत नाही, कारण त्याला तो फालतू खर्च वाटतो. नवा तंत्रज्ञ कुरकुरतो, गप्प बसतो. ज्या बाईच्या रक्ताची ही चाचणी व्हायला हवी होती ती त्या तंत्रज्ञाचीच बायको निघते, आणि मूल दगावते. शेजारच्या कथानकात स्वयंपाकघरातली जुनी भांडी धुण्याची यंत्रे पुरेसे कढत पाणी देत नाहीत. आहारविभागाची बाई नवीन यंत्रांसाठी पुन्हा पुन्हा लिहिते, ते कागद वर जाऊन पडून राहतात. पुढे टायफॉइडची साथ पसरते.

हेली मोठा लेखक नसेल. पण मागणीपत्र, सही, बॉयलरचे पाणी यांतून माणूस मरू शकतो हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याने ते कथानकाच्या मध्यभागी ठेवले आहे. त्याच्या रुग्णालयात वाईट माणूस जवळजवळ नाही. थकलेले, हट्टी, कामाने बुजलेले लोक आहेत, आणि कागद आहेत.

हीच कसोटी विराणींच्या पुस्तकाला लावून पाहू. त्यांच्या मांडणीनुसार अरुणा आणि सोहनलाल यांच्यात आधीपासून धुसफूस होती. कुत्र्यांसाठी येणारे अन्न तो चोरतो असा तिचा संशय होता. ती शिस्तीची, वर कळवीन असे तिने सुनावले होते. २०१५ साली अरुणाच्या मृत्यूनंतर एका मराठी दैनिकाच्या पत्रकाराने सोहनलालला उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात शोधून काढले, तेव्हा त्याने वेगळेच सांगितले: आपल्याला रजा हवी होती, ती मिळेना, वाद झाला, डोके फिरले. बलात्कार त्याने नाकारला. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे काही कारण नाही. पण दोन्ही हकीकती शेजारी ठेवल्या की दिसते ते असे: एकीच्या बुडाशी भांडाराची नोंदवही आहे, दुसरीच्या बुडाशी रजेचा अर्ज. कोणत्याही कचेरीत रोज होणाऱ्या तंट्यांचे हे दोन सर्वांत साधे कागद. त्यांच्यापासून तळघरातल्या संध्याकाळपर्यंतचे अंतर कसे कापले गेले, हे सांगणे हे कादंबरीचे काम होते.

इथे जरा थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. 'कामाच्या जागेवरचा तंटा' हा शब्दप्रयोग या गुन्ह्यासाठी वापरला की गुन्हा लहान होतो. तंट्यात दोन बाजू असतात. तळघरात दोन बाजू नव्हत्या. रजा नाकारली म्हणून माणूस चिडतो, चिडलेला माणूस साखळी घेऊन दबा धरून बसत नाही. तेव्हा कारणे शोधणे म्हणजे माफी देणे नव्हे. पण माफी द्यायची नाही म्हणून कारणेच पाहायची नाहीत, हा दुसऱ्या टोकाचा आळस. विराणी या दुसऱ्या टोकाला झुकतात असे मला वाटते. त्यांचा सोहनलाल पानावर येतो तो आधीच पशू होऊन. त्याचे आडनाव त्याची जात सांगते, त्याचे काम त्याच्या जातीने ठरवलेले आहे, आणि त्याच्यावर हुकूम चालवणारी शिकलेली तरुण मुलगी स्वतः त्या इमारतीच्या उतरंडीत फार वर नाही; तिलाही तळघरच वाट्याला आलेले. हुकूम देणारी आणि हुकूम घेणारा दोघेही ज्या व्यवस्थेत खालीच आहेत, तिथली हिंसा वर जात नाही. ती आपल्याहून दुबळ्या शरीराकडे वळते. बागुलांच्या कथांनी आपल्याला हे शिकवले होते. या पुस्तकात ते दिसत नाही. पशूला इतिहास नसतो, आणि इतिहास नसलेल्या पात्राकडून वाचक काही शिकत नाही. तो फक्त हादरतो.

अरुणाचेही तसेच थोडे झाले आहे. लग्न ठरलेली, हसरी, देखणी, स्वप्नाळू. हे सगळे खरे असेलही. पण कुत्र्यांच्या प्रयोगशाळेत रोज उभी राहणारी, भांडाराचा हिशेब काटेकोर ठेवणारी, हाताखालच्या पुरुषाला चार शब्द सुनावणारी कामगार बाई मला अधिक जिवंत वाटते, आणि ती पुस्तकात वधूच्या मागे दडते. पुस्तक निघाले १९९८ साली. त्याच्या आदल्याच वर्षी विशाखा निकालाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळासंबंधी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली होती. तो कायदा व्हायला २०१३ उजाडले. 'कामाची जागा' ही कल्पना कायद्याच्या भाषेत नुकती येत होती. साहित्याच्या भाषेत तिला यायला अजून वेळ होता.

आणि आता परिचारिका. माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

पुस्तकात त्या आहेत, त्यांचा गौरवही आहे. पण त्या आहेत नाटकातल्या मेळ्यासारख्या: एकत्र बोलतात, एकत्र रडतात. १९८० च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला दुसरीकडे हलवण्याचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला. केईएममध्ये रुजू झालेल्या पिढ्यामागून पिढ्यांनी तिला सांभाळले. अरुणावर हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली तिला भरवत होत्या. सदतीस वर्षांत एकदाही तिला शय्याव्रण झाला नाही, असे रुग्णालयाने न्यायालयाला सांगितले. हे वाक्य वाचताना न्यायाधीश हेलावले, वर्तमानपत्रांनी त्याचा मथळा केला. ज्याने कधी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सुश्रूषा केली आहे त्यालाच या वाक्याचे वजन कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाच, माकडहाड, कोपर, डोक्याचा मागचा भाग दाबाखाली राहू द्यायचा नाही. चादरीला चुणी पडू द्यायची नाही. पाठ पुसायची, कोरडी करायची, लाल डाग दिसतो का ते पाहायचे. कालवलेले अन्न तोंडाने भरवायचे, ठसका लागू द्यायचा नाही, पुढे नळीवाटे. मी कागदावर गुणाकार केला: दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर साडेएकेचाळीस वर्षांत पंचेचाळीस हजारांवर पाळ्या होतात. दोन तासांचा नियम धरला तर एक लाख ऐंशी हजार वेळा कूस बदलणे.

हे लिहायचे कसे? कथेला घटना लागते, आणि इथे घटना घडू न देणे हेच काम आहे. व्रण झाला असता तर प्रसंग मिळाला असता. झाला नाही म्हणून लेखकाच्या हाती काही लागत नाही. विराणींचे पुस्तक याच खडकावर आपटते. त्यांना अरुणाचे जगणे म्हणजे न संपणारी शिक्षा वाटते, म्हणून त्यांची वाक्ये वेदनेकडे धावतात. आणि २००९ साली न्यायालयात केलेला अर्ज हा त्या वाक्यांचाच पुढचा परिच्छेद आहे. परिचारिकांना तेच जगणे रोजच्या पाळीतले एक काम होते, आणि काम करता करता जडलेली माया. निकालानंतर त्यांनी पेढे वाटले. बाहेरच्या अनेकांना ते विचित्र वाटले. एका अचेतन बाईला मरू दिले नाही म्हणून पेढे? पण त्यांच्या दृष्टीने न्यायालयाने मान्य केले होते ते त्यांचे काम. हे काम निरर्थक नव्हते, असे कोणीतरी प्रथमच अधिकाराने म्हटले होते.

मी दयामरणाच्या बाजूने की विरुद्ध, असे कोणी विचारील. २०११ च्या त्याच निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली, २०१८ मध्ये ती आणखी रुंद झाली, आणि त्याचे श्रेय विराणींना जाते. माझ्या मते ते मोठे श्रेय आहे. लेखक म्हणून मात्र त्यांना परिचारिकांचे म्हणणे आतून ऐकू आले नाही. ते ऐकू आले असते तर पुस्तक अधिक दुभंगले असते, आणि मोठे झाले असते.

रुग्णालयाची भाषाही हाताशी होती. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉयला 'मामा' म्हणतात, आयाला 'मावशी'. परिचारिका 'सिस्टर'. सगळे घर नात्यांचे, आणि त्या नात्यांच्या आड हुकूम, पाळ्यांची वाटणी, रजेचे राजकारण, जात, कायम आणि कंत्राटी हा भेद. पाळी बदलताना सिस्टर 'ओव्हर' देतात: कोणत्या खाटेवर कोण, काय दिले, काय द्यायचे, काय बिघडले. गावाकडची म्हातारी गोष्ट सांगते तसा तो तुटक, नेमका, न रंगवलेला वृत्तांत असतो. चार नंबरच्या वॉर्डात असे हजारो ओव्हर दिले-घेतले गेले असतील, आणि प्रत्येकात अरुणाच्या वाट्याला एखादे वाक्य आले असेल. कादंबरीचा घाट तिथे तयार होता.

हे सगळे मी परळपासून दूर, भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरात बसून लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. आमची वसाहत आयुध निर्माणीची. इथल्या माणसाला कामाच्या जागेची भीती पुस्तकातून शिकावी लागत नाही. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटाने घरांच्या काचा हादरल्या तेव्हा पाळीवर कोण होते हाच पहिला प्रश्न प्रत्येक दारात होता. त्याआधी चार वर्षे, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली, सात वाचली. मंत्री आले, चौकशी झाली, निलंबने झाली, राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. पुढच्या महिन्यात गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. दोषाचा निवाडा न्यायालयाचा. त्यावर मी काही म्हणत नाही. पण सहीच्या कागदांची जी उतरंड हेलीने दाखवली तिची आठवण त्या दिवसांत वारंवार झाली. अरुणाच्या गोष्टीत परिचारिका देवी होती. इथे ती आरोपी झाली. मधली जी साधी जागा आहे, रात्रपाळीवर असलेल्या एका बाईची, ती दोन्ही गोष्टींत रिकामीच राहते.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात विश्रांतीसाठी सभागृहात गेलेल्या शिकाऊ डॉक्टरवर जे झाले त्याची सुनावणी करताना सरन्यायाधीशांना अरुणा शानबागची आठवण झाली. एक्कावन्न वर्षांपूर्वीचे तळघर आणि हे सभागृह: कामावरच्या बाईला टेकायला वेगळी जागा नाही, हा धागा तोच. आपल्या राज्यात २०१० पासून वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसा रोखणारा कायदा आहे. त्याच्यासमोर आहे तो मुख्यतः बाहेरून येणारा, संतापलेला नातेवाईक. आतल्या उतरंडीतून येणाऱ्या हिंसेची गोष्ट सांगायला दुसरे कोणीतरी लागेल.

माझी आत्या एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षे स्टाफ नर्स होती. तिचा गणवेश सिमेंटच्या धुतलेल्या पिशवीत असायचा, आणि ती पिशवी जुन्या केसपेपरच्या खोलीत रॅकमागे. हे मला लहानपणापासून माहीत होते. ते विचित्र आहे हे कधी वाटले नव्हते. निवृत्तीनंतर तिला डोळ्यांचा त्रास सुरू झाला, म्हणून हा लेख लिहिण्याआधी 'अरुणाची गोष्ट' मधली काही पाने मी तिला वाचून दाखवली. दयामरणाचा भाग तिने शांतपणे ऐकला. तळघराच्या पानाशी मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मी पान उलटणार तेवढ्यात म्हणाली,

"मंग बांधली का रे ते खोली, कपडे बदलाची?"